निर्वासिताची कथा : साधन की साहित्य?

१

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ पुलाउ बिदोंग नावाचे एक छोटे बेट आहे. १९७८ ते १९९१ या काळात व्हिएतनाममधून होड्यांतून निसटून आलेल्या लोकांची छावणी तेथे होती. १९७९ च्या मध्यास त्या बेटावर ४०,००० च्या आसपास माणसे दाटीवाटीने राहत होती. इंडोनेशियातील गालांग बेटावरची छावणी १९७९ पासून १९९६ पर्यंत चालू होती. २००५ साली, सायगॉनच्या पाडावाला ३० वर्षे पूर्ण होत असताना, जगभर विखुरलेले काही जुने निर्वासित या दोन्ही बेटांवर परतले आणि त्यांनी तेथे स्मृतिशिला उभारल्या. वाटेत मरण पावलेल्यांचे स्मरण आणि आश्रय देणाऱ्यांचे आभार, एवढाच त्यांवरील मजकुराचा आशय होता. व्हिएतनाम सरकारने हरकत घेतली आणि काही महिन्यांतच त्या शिला तेथून दूर करण्यात आल्या.

दगडावर कोरलेले अक्षरही किती अल्पजीवी असू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. मागे उरते ती माणसांच्या तोंडची कथा. आणि ती सांगणारी माणसेही आता थकली आहेत. १९७५ साली जो पंचविशीत होता, तो आज पंचाहत्तरीला पोहोचला आहे. त्याची नातवंडे कॅलिफोर्नियात, पॅरिसमध्ये किंवा सिडनीत वाढली. त्यांतील अनेकांना आजोबांची भाषा धड समजत नाही. तेव्हा या कथा कोणी जतन करावयाच्या आणि कशा, हा प्रश्न यापुढे फार काळ लांबणीवर टाकता येणारा नाही.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर विद्यापीठांतून ऐकू येते. मानवशास्त्रज्ञांनी हे काम १९८० च्या दशकापासूनच हाती घेतले आहे, मुलाखती झाल्या आहेत, ग्रंथ निघाले आहेत. सबब साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, असे ते उत्तर. मानवशास्त्रज्ञ या कथांना ‘साधनसामग्री’ म्हणतो आणि साहित्याचा अभ्यासक ‘साधनसामग्रीच ती’ असे म्हणून हात झटकतो. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या या दोन विद्याशाखांचे या एका बाबतीत मात्र विलक्षण एकमत आहे. हे एकमत मोडून काढणे आवश्यक आहे. कारण ते जोवर टिकून आहे तोवर निर्वासिताची कथा छापली जाईल, तिचे संदर्भ दिले जातील, तिच्यावर प्रबंध लिहिले जातील. परंतु ती जतन होणार नाही.

२

निर्वासिताची कथा सर्वप्रथम ऐकली ती मानवशास्त्रज्ञाने, असा एक समज आहे. तो खरा नाही. मानवशास्त्रज्ञ ध्वनिमुद्रक घेऊन समोर येऊन बसण्यापूर्वी या माणसाला आपल्या आयुष्याची हकिगत अनेकदा तीन निरनिराळ्या दरबारांत सांगावी लागलेली असते.

पहिला दरबार तुरुंगाचा. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. त्यानंतर लवकरच जुन्या राजवटीतील सैनिकी अधिकारी, मुलकी नोकर आणि त्यांच्याबरोबर कित्येक लेखक व धर्मगुरू यांना ‘पुनर्शिक्षणा’साठी हजर होण्याचे फर्मान निघाले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना महिनाभर पुरेल एवढे सामान बरोबर आणण्यास सांगण्यात आले होते. अनेकांचा तो महिना कित्येक वर्षांनी संपला. काहींचा तर १५ वर्षांहूनही अधिक लांबला. त्या छावण्यांमध्ये प्रत्येकाला आपले आयुष्य लिहून द्यावे लागे: स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचेही. ते पुनःपुन्हा लिहावे लागे, आणि आधीच्या लेखनाशी नव्याचा मेळ बसतो की नाही हे पाहिले जाई. येथे जीवनकथा म्हणजे कबुलीजबाब होता. व्हिएत थान न्गुयेन यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या ‘द सिम्पथायझर’ या कादंबरीने आपल्या निवेदनासाठी नेमका हाच आकृतिबंध निवडला, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. कोठडीत बसलेला निवेदक आपल्या कमांडंटसाठी कबुलीजबाब लिहितो आहे, आणि तीच कादंबरी आहे.

दुसरा दरबार छावणीचा. पुनर्शिक्षणाची दहशत, ओसाड जमिनीवरील ‘नव्या आर्थिक क्षेत्रां’त सक्तीने केलेली रवानगी, १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापारावर आलेली गदा, चीनशी बिघडलेले संबंध आणि त्यापायी चिनी वंशाच्या ‘होआ’ लोकांचा झालेला छळ, या साऱ्या कारणांनी माणसे समुद्रात लोटली गेली. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत सुमारे ८ लाख नौका-निर्वासित शेजारच्या देशांच्या किनाऱ्यांना लागले. वाटेत वादळाने, तहानेने, चाच्यांच्या हातून किती मेले, याची खात्रीची गणती होऊ शकली नाही. आरंभी किनाऱ्याला लागलेला माणूस निर्वासित म्हणून मानला जात असे. १६ जून १९८८ पासून हाँगकाँगमध्ये, आणि १९८९ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलेल्या सर्वंकष कृतियोजनेनुसार इतर छावण्यांमध्ये, ही पद्धत थांबली. आता प्रत्येकाने आपण छळाच्या भयाने पळालो, केवळ गरिबीमुळे नव्हे, हे सिद्ध करावयाचे होते. दुभाष्याच्या मार्फत चाललेल्या मुलाखतीवर पुढचे सगळे आयुष्य ठरे. कथा पटली नाही तर परतीची वाट. अशा रीतीने १ लाखाहून अधिक माणसे व्हिएतनामला परत गेली. येथे जीवनकथा म्हणजे अर्ज होता.

तिसरा दरबार आश्रय देणाऱ्या देशाचा. अमेरिकेत आज व्हिएतनामी वंशाचे २० लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांच्याकडून त्या समाजाला एकच कथा ऐकावयाची असते: रिकाम्या हाताने आले, कष्ट केले, मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, या देशाचे उपकार कसे फेडावेत. येन ले एस्पिरितू या विदुषीने २०१४ च्या ‘बॉडी काउंट्स’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की, वाचविलेल्या निर्वासिताची ही प्रतिमा अमेरिकेला स्वतःच्या युद्धाचा डाग धुऊन काढण्यासाठी उपयोगी पडली. ज्या देशाने बाँब टाकले, तोच देश तारणहार म्हणून उभा राहिला. येथे जीवनकथा म्हणजे आभारपत्र होते.

कबुलीजबाब, अर्ज आणि आभारपत्र या तिन्ही प्रसंगी कथेच्या बदल्यात काहीतरी मिळणार होते किंवा टळणार होते. आणि काय ऐकावयाचे हे ऐकणाऱ्याने आधीच ठरविलेले होते. मानवशास्त्रज्ञ हा या परंपरेतला चौथा श्रोता आहे. तो पहिल्या तिघांपेक्षा वेगळा आहे, असे त्याने गृहीत धरून चालणार नाही. ते त्याला सिद्ध करावे लागेल.

३

हे सिद्ध करण्याचा प्रामाणिक प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत जेम्स फ्रीमन यांचे नाव घ्यावे लागते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या फ्रीमन यांचे ‘हार्ट्स ऑफ सॉरो’ हे व्हिएतनामी-अमेरिकनांच्या जीवनकथांचे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. भारतीय वाचकाला त्यांची ओळख असावयास हवी. कारण त्यापूर्वी दहा वर्षे, १९७९ साली, त्यांनीच ओडिशातील भुवनेश्वरजवळच्या एका बाउरी जातीच्या माणसाची जीवनकथा ‘अनटचेबल’ या नावाने प्रसिद्ध केली होती. अस्पृश्याची कथा ऐकावयास शिकलेला कान पुढे निर्वासिताकडे वळला, हा प्रवास लक्षणीय आहे. गावकुसाबाहेर ठेवलेला आणि देशाबाहेर लोटला गेलेला, या दोघांच्याही बाबतीत इतरांनी पुष्कळ बोलून ठेवलेले असते. स्वतः त्याचे बोलणे तेवढे कोणी ऐकलेले नसते.

‘हार्ट्स ऑफ सॉरो’चे मोठेपण हे की, ते होडी किनाऱ्याला लागताच संपत नाही. यशाच्या खाली दडलेले दुःख त्यात नोंदले गेले आहे: मुलांवरचा अधिकार गमावलेले वडील, ज्यांच्या वयाला आता कोणी मान देत नाही असे वृद्ध. आभारपत्राच्या साच्यात न बसणारे असे पुष्कळ काही या पुस्तकामुळे वाचकांपुढे आले. तिसऱ्या दरबाराची अट फ्रीमन यांनी मोडली, हे निःसंशय.

परंतु त्याच वेळी काही प्रश्न शिल्लक राहतात. ओडिशाच्या पुस्तकावर लेखक म्हणून एकट्या फ्रीमन यांचे नाव आहे. ज्याचे आयुष्य त्यात आहे त्याचे खरे नाव त्यात नाही. त्याच सुमारास, १९७८ साली, मराठीत दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. तेथे सांगणारा आणि लिहिणारा एकच होता, आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर होते. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत हे कसे शक्य व्हावे, असा प्रतिप्रश्न येईल. त्याचे उत्तर १९९५ साली पुदुचेरीजवळच्या एका गावातून मिळाले. जोझियान आणि जाँ-ल्युक रासीन यांनी विरम्मा या निरक्षर दलित शेतमजूर स्त्रीची कथा फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा लेखक म्हणून पहिले नाव विरम्माचे होते. ज्याच्या हातात लेखणी नाही, तोही आपल्या कथेचा लेखक असू शकतो. प्रश्न फक्त ऐकणाऱ्याने ते मान्य करण्याचा आहे.

व्हिएतनामी कथांच्या क्षेत्रातही पुढे पाऊल पडले ते याच दिशेने. छावण्यांत आईबापांवाचून अडकून पडलेल्या मुलांवरील ‘व्हॉइसेस फ्रॉम द कॅम्प्स’ हे २००३ चे पुस्तक फ्रीमन यांनी न्गुयेन दिन्ह हू यांच्याबरोबर लिहिले आणि त्यावर दोघांचीही नावे आहेत. त्या पुस्तकात मानवशास्त्रज्ञ केवळ नोंद करणारा राहिलेला नाही. दुसऱ्या दरबाराने त्या मुलांना दिलेल्या वागणुकीवर तो साक्ष देतो. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८७ मध्ये आग्नेय आशियाई लोकांचा स्वतंत्र दस्तऐवजसंग्रह सुरू झाला आणि २०११ मध्ये व्हिएतनामी-अमेरिकनांच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्प. तेथे मुलाखती घेणाऱ्यांत निर्वासितांचीच मुले-नातवंडे आहेत, आणि मुलाखती व्हिएतनामी भाषेतही ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व सामान्यतः मानले जाते त्याहून फार अधिक आहे.

४

साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात का यावयाचे, याचे खरे कारण भाषा हे आहे. ज्यांचे सगळे आयुष्य व्हिएतनामीत गेले, त्यांचे आयुष्य ग्रंथरूपाने जगापुढे येते ते बहुधा इंग्रजीत. या वाटेवर जे गळून पडते, ते किरकोळ आहे असे समजणे ही मोठी चूक होय. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण ‘मी’चे. व्हिएतनामी भाषेत सर्व प्रसंगी चालेल असा ‘मी’ नाही. ‘तोई’ हा शब्द आहे. पण तो काहीसा परका, औपचारिक. एरवी बोलणारा स्वतःचा उल्लेख नात्याने करतो. आईबापांशी बोलताना तो स्वतःला ‘कॉन’, म्हणजे लेकरू, म्हणतो. आजोबांच्या वयाच्या माणसाशी बोलताना ‘चाऊ’, म्हणजे नातू किंवा पुतण्या. धाकट्या भावंडाच्या नात्याने ‘एम’. समोर कोण आहे यावर बोलणाऱ्याचे ‘मी’पण ठरते. म्हणजे एक वृद्ध सैनिक आपली कथा परक्या प्राध्यापकाला सांगतो तेव्हा जो ‘मी’ असतो, तो नातवाला सांगताना नसतो; तेथे तो ‘ओंग’, आजोबा, असतो. इंग्रजीतल्या एकाच अक्षराच्या सर्वनामात हे सारे एकाच मापाचे होऊन जाते. जीवनकथेच्या अभ्यासात ‘स्व’च्या घडणीवर एवढी चर्चा होते; आणि तो ‘स्व’ ज्या शब्दांत घडतो ते शब्दच अनुवादात टाकून दिले जातात!

दुसरे उदाहरण ‘आम्ही’चे. मराठी वाचकाला ते तत्काळ उमजेल. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो भेद आहे, तोच व्हिएतनामीत ‘चुंग तोई’ आणि ‘चुंग ता’ यांत आहे: पहिल्यात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात सामावलेला. इंग्रजीत दोहोंसाठी एकच सर्वनाम. पराभवानंतर देश सोडलेला माणूस ‘युद्ध हरलो’ असे म्हणतो, तेव्हा हरले ते ‘आम्ही’ की ‘आपण’? समोर बसलेल्या अमेरिकी श्रोत्याला तो त्या पराभवात सामील करून घेतो की बाहेर ठेवतो? एका शब्दाने कथेचा सगळा नैतिक तोल बदलतो. उद्या मराठी अनुवादक इंग्रजी पुस्तकावरून या कथा मराठीत आणू लागला, तर त्याला प्रत्येक वाक्याशी अडखळावे लागेल. कारण जो भेद मूळ भाषेत होता आणि त्याच्या स्वतःच्या भाषेतही आहे, तो मधल्या भाषेने पुसून टाकलेला असेल. त्याला अंदाजाने लिहावे लागेल. दुसऱ्याच्या साक्षीत अंदाजाने शब्द घालणे हे जतन नव्हे.

तिसरे उदाहरण ‘नुअक’ या शब्दाचे. व्हिएतनामीत या शब्दाचा अर्थ ‘पाणी’ असा आहे आणि ‘देश’ असाही आहे; ‘दात नुअक’, म्हणजे ‘भूमी-जल’, हा मायदेशासाठीचा जोडशब्द. देश गमावणे आणि पाणी गमावणे या भाषेत एकाच शब्दाने सांगितले जाते. ज्या माणसाने देश गमावला आणि मग दिवसचे दिवस अथांग पाण्यावर पिण्याच्या पाण्यावाचून काढले, त्याच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा तो कोणत्या अर्थाने येतो? अनुवादकाला एक अर्थ निवडावा लागतो; सांगणाऱ्याला तशी निवड करावी लागलेली नसते.

याशिवाय वाङ्मयीन संस्कार आहेत ते वेगळेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्गुयेन दु यांनी रचलेले ३,२५४ ओळींचे ‘किएऊची कथा’ हे काव्य व्हिएतनामी माणसाच्या, निरक्षराच्याही, ओठांवर असते. वडिलांना व भावाला सोडविण्यासाठी स्वतःला विकणारी, १५ वर्षे वणवण करून घरी परतणारी किएऊ ही त्या समाजाच्या दुःखाची प्रतिमा आहे. कुटुंबासाठी स्वतःचा बळी देणे, दैवाचा फेरा, देहाची विटंबना होऊनही मनाने निष्कलंक राहणे, या कल्पनांच्या चौकटीत कित्येक निर्वासितांनी आपले आयुष्य समजून घेतलेले असते. ती चौकट ज्याला ओळखू येत नाही, त्याला समोरचा माणूस ‘कच्ची माहिती’ देत आहे असे वाटेल. वस्तुतः तो माणूस एका मोठ्या काव्यपरंपरेच्या आधारे आपल्या अनुभवाला आकार देत असतो. हे काम साहित्याचे नाही, तर कोणाचे?

५

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार टाळता येणार नाही.

पहिला आक्षेप साहित्यिकांचा. जे बोलले गेले ते लिहिले गेलेले नाही. त्यात निवड नाही, रचना नाही, म्हणून ते साहित्य नाही. मराठी वाचकाला हा सूर अनोळखी नाही. दलित आत्मकथने प्रथम आली तेव्हा ‘हे समाजशास्त्रीय दस्तऐवज आहेत, कलाकृती नव्हेत’ असे गंभीर चेहऱ्याने सांगितले गेले होते. काळाने त्या मताचे काय केले, हे सर्वांसमोर आहे. शिवाय तोंडी कथेत निवड नसते हे मुळातच खोटे. समुद्रातील हल्ल्याची आठवण आली की एखादी स्त्री ‘माझ्यावर’ असे न म्हणता ‘आमच्या होडीत एक मुलगी होती’ असे म्हणू लागेल, तर तो निवेदनदृष्टीतील बदल आहे आणि त्याला अतिशय गंभीर कारण आहे. कोठे बोलावयाचे आणि कोठे थांबावयाचे हे तिने ठरविलेले असते. त्या थांबण्याचा मान राखणे आणि ते मौन पुढच्या प्रश्नाने फोडून न टाकणे, ही मानवशास्त्रज्ञाची जबाबदारी. त्या मौनाचा अर्थ वाचणे ही समीक्षकाची.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. स्मृती बेभरवशाची असते. आणि जो माणूस आधी तीन दरबारांत आपली कथा फिरवून सांगून आला, त्याच्या चौथ्या कथनावर विश्वास काय ठेवावा? हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याचा निष्कर्ष उलटा काढावयास हवा. कथा आधी दबावाखाली सांगितली गेली, म्हणूनच ती दबावावाचून, वेळ घेऊन, पुन्हा ऐकली जाणे अगत्याचे आहे. जेथे चौथे कथन आधीच्या कथनांपासून वेगळे होते, तेथे दबाव काय होता हे कळते. मात्र त्यासाठी चौथ्या श्रोत्याने स्वतःचे प्रश्नही छापले पाहिजेत. प्रश्न गाळून उत्तरांची सलग स्वगते बनविण्याची जी रीत रूढ झाली, तिने संवादाला एकभाषित केले आणि विचारणाऱ्याचा हात लपविला.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. या कथा एकांगी आहेत. त्यांत देश सोडून गेलेल्यांचे दुःख आहे, मागे राहिलेल्यांचे नाही. अमेरिकी बाँबखाली मेलेल्या खेड्यांचे नाही. हे खरे आहे. परंतु निर्वासिताने संपूर्ण युद्धाचा इतिहास सांगावा, ही अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्याय्य होय. एका साक्षीदाराने सर्व काही पाहिले नाही म्हणून त्याला साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरविण्याचे कारण नाही. दुसरे साक्षीदार बोलावण्याचे मात्र आहे. त्यांच्या कथाही याच काळजीने जतन व्हाव्यात. एका बाजूने शिला काढून टाकावी आणि दुसऱ्या बाजूने कथा एकांगी आहे असे म्हणावे, हे मात्र चालणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक. नावे दिली तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होईल; म्हणून नावे बदलणे हीच सभ्यता. १९८० च्या दशकात हे शंभर टक्के योग्य होते, आणि काहींच्या बाबतीत आजही असेल. पण नाव झाकणे आणि नाव नाहीसे करणे यांत फरक आहे. खरे नाव मोहरबंद पाकिटात दस्तऐवजसंग्रहात ठेवता येते, ते केव्हा उघडावयाचे याचा निर्णय सांगणाऱ्यावर किंवा त्याच्या वारसांवर सोपविता येतो. सांगणाऱ्याला विचारलेच न जाता त्याला कायमचे अनाम करून टाकणे, यात त्याच्या संरक्षणापेक्षा संशोधकाची सोय अधिक असते. तुरुंगात त्याला क्रमांक होता, छावणीत नोंदपत्रक होते. ग्रंथात तरी त्याला नाव असावे की नसावे, हे त्याला ठरवू द्यावे.

६

हा सगळा विषय भारतातील ग्रंथालयांना आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तेवढा दूरचा नाही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामची फाळणी झाली आणि ३०० दिवसांच्या मुदतीत कोणालाही आपला भाग निवडण्याची मोकळीक देण्यात आली. त्या काळात ८ ते १० लाख लोक उत्तरेकडून दक्षिणेत गेले. त्यांत कॅथलिकांची संख्या मोठी होती. या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष भारत होता. कॅनडा आणि पोलंड हे सदस्य. १९७५ नंतर समुद्रावर निघालेल्यांमध्ये १९५४ साली एकदा घर सोडून आलेले अनेक जण होते. त्यांच्या पहिल्या स्थलांतराचा भारत अधिकृत साक्षीदार आहे. आणि ज्या देशाने स्वतःची फाळणी भोगली, तेथे त्या फाळणीतील सामान्य स्त्रियांच्या तोंडच्या कथा ग्रंथरूपाने ठळकपणे पुढे आल्या त्या १९९८ च्या सुमारास, उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांच्या परिश्रमांतून. म्हणजे पन्नास वर्षांनी. तोवर किती जणी काही न बोलता गेल्या, याचा हिशेब कोणापाशी आहे? सायगॉनच्या पाडावालाही आता पन्नास वर्षे उलटली आहेत. उशिराची किंमत काय असते, हे भारतीय वाचकाला वेगळे समजावून सांगावयास नको.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडणे बरे. निर्वासिताची जीवनकथा जतन झाली असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तिचे मूळ ध्वनिमुद्रण सांगणाऱ्याच्या भाषेत सुरक्षित असेल. त्याची शब्दशः प्रत, विचारणाऱ्याच्या प्रश्नांसह आणि सांगणाऱ्याच्या विरामांसह, अभ्यासकाला पाहता येईल. तिची एक प्रत त्याच्या कुटुंबाच्या हाती असेल. नावाचा निर्णय त्याचा असेल. आणि अनुवाद होईल तो मूळ भाषेवरून. यातील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. यासाठी लागणारे प्रशिक्षण मानवशास्त्रज्ञाकडे अर्धे आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाकडे अर्धे. मानवशास्त्रज्ञाला विश्वास संपादन करून ऐकता येते. साहित्याच्या अभ्यासकाला शब्दाचे वजन कळते. दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकावयाचे नाही असे ठरविले, तर नुकसान त्या दोघांचेही होणार नाही. ते होईल ज्याने आपली कथा सांगितली त्याचे.

भारतीय विद्यापीठांतील साहित्यविभागांनी जगाचे साहित्य म्हणून जे शिकवावयाचे ठरविले आहे, त्यात लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथून छापून आलेल्या ग्रंथांचाच भरणा असतो. त्या यादीत एखादी व्हिएतनामी वृद्धेची तोंडी कथा, मूळ ध्वनिमुद्रणासह, घालावयास काय हरकत आहे? ती शिकविण्यासाठी व्हिएतनामी जाणणारा एक अध्यापक नेमावा लागेल. ज्या देशाने ती भाषा बोलणाऱ्या लाखो माणसांच्या स्थलांतरावर एकेकाळी देखरेख केली, त्याला हे जड वाटू नये. कबुलीजबाब, अर्ज आणि आभारपत्र लिहून दमलेल्या माणसाला चौथ्यांदा बोलते करावयाचे असेल, तर या वेळी तरी त्याच्याकडून काही मिळविण्याआधी त्याची भाषा शिकून घेतली पाहिजे.